मालकाचा वकील म्हणजे गद्दार नव्हे

“अरे, तो तर मालकाचा वकील!” बुलडाणा जिल्ह्यात एखाद्या वकिलाची सगळी कारकीर्द निकालात काढायला एवढे एक वाक्य पुरते. बार रूममध्ये ते दबक्या आवाजात बोलले जाते, गेट मीटिंगमध्ये माईकवरून आणि गावच्या पारावर तिरस्काराने. खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्याला कोणी खुनी म्हणत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात थोरल्या भावाची बाजू मांडणाऱ्याला कोणी धाकट्याचा वैरी ठरवत नाही. पण कामगार न्यायालयात संस्थेच्या, कारखान्याच्या किंवा महामंडळाच्या वतीने उभा राहिलेला वकील मात्र जन्मभर संशयित राहतो. हे मत मला चुकीचे वाटते, इतकेच म्हणून थांबता येणार नाही. ते कामगाराच्याच मुळावर येणारे आहे, म्हणून त्याचा मुद्देसूद समाचार घेतला पाहिजे.

आधी विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच जोराने मांडतो. ते म्हणतात, नोकरीच्या भांडणात एका बाजूला पैसा, कागदपत्रे आणि ओळखी असतात, तर दुसऱ्या बाजूला महिन्याच्या पगारावर चालणारी एक चूल. अशा वेळी बलवानाच्या बाजूला उभे राहणे हीच अनीती. ते म्हणतात, हा वकील कायद्यातल्या फटी शोधतो आणि कामगाराचा हक्क त्या फटीतून खाली पाडतो. ते म्हणतात, तो तारखांवर तारखा घेऊन कामगाराला थकवतो. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा आरोप असा, की हा बहुतेकदा शेतमजुराचा, हमालाचा, एसटी ड्रायव्हरचाच मुलगा असतो. ज्या घामावर शिकला त्याच घामाशी तो बेइमान झाला. चारही आरोप ऐकायला धारदार आहेत. तपासून पाहिले तर एकही टिकत नाही.

पहिला आरोप बलवानाचा. आमच्या जिल्ह्यातला हा बलवान मालक आहे तरी कोण? मालक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे 1982 च्या संपातला मुंबईचा गिरणीमालक येतो. अडीच लाख कामगार रस्त्यावर आणि तो बंद गिरणीच्या जमिनीचे भाव मोजत बसलेला. ती प्रतिमा तिच्या जागी खरी असेल. पण ती उचलून बुलडाण्यात आणून बसवायची कशी? खामगावचा हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आणि औद्योगिक वसाहतींतले मोजके उद्योग सोडले, तर या तेरा तालुक्यांत नोकरी देणारे कोण आहेत ते पाहा. जिल्हा परिषद, नगर परिषदा, एसटीचा विभाग आणि त्याचे बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद हे आगार. गावोगावच्या शिक्षण संस्था. सहकारी बँका, पतसंस्था, बाजार समित्या, खरेदी-विक्री संघ. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या पट्ट्यातले जिनिंग-प्रेसिंग आणि दाल मिल. यातल्या बहुतेक ठिकाणी मालक म्हणजे निवडून आलेले संचालक मंडळ किंवा बदलीवर आलेला अधिकारी. त्याच्या हातातली तिजोरी ठेवीदारांची असते, शेतकरी सभासदांची असते किंवा सरकारी खजिन्याची असते. तिथे चुकीचा निर्णय होऊन दहा वर्षांचा पगार एकदम भरायची वेळ आली, तर तो कोणाच्या खिशातून जातो? अध्यक्षाच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट हे टीकाकार विसरतात. नोकरीच्या खटल्यात मालकाच्या वतीने सतत उभा राहणारा वकील कोण? सरकारी वकील. वन विभागाच्या रोजंदारी मजुराविरुद्ध तो उभा राहतो, पाटबंधारे खात्याच्या चौकीदाराविरुद्ध तोच, अंशकालीन सफाई कामगाराविरुद्धही तोच. महाराष्ट्राच्या वन विभागाने सामाजिक वनीकरणाच्या मजुरांना कायम करायला विरोध केला आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. वनीकरण हे सरकारचे सार्वभौम काम आहे, तो उद्योगच नाही, असा युक्तिवाद तिथे झाला. 1995 मध्ये जगन्नाथ मारुती कोंढरे आणि इतरांच्या या प्रकरणात न्यायालयाने तो फेटाळला आणि मजुरांचा कायमपणाचा हक्क मान्य केला. हा युक्तिवाद करणाऱ्या सरकारी वकिलाला कोणी गद्दार म्हटल्याचे ऐकले आहे? नाही, आणि म्हणूही नये. त्याने आपले काम केले, न्यायालयाने आपले. मग हेच काम पतसंस्थेसाठी किंवा जिनिंगसाठी करणाऱ्या खासगी वकिलाला वेगळा न्याय का? सरकारची बाजू मांडली की प्रतिष्ठा आणि सहकारी संस्थेची मांडली की पाप, ही कुठली नीती?

आता समोर कोण उभा असतो तेही पाहू. नोकरीवरून काढलेला प्रत्येक माणूस अन्यायाचा बळी असतो, हे गृहीतक मुळात तपासायला हवे. प्रवाशाकडून पैसे घेऊन तिकीट न देणारा कंडक्टर हाही कामगारच. विधवेच्या ठेवीची रक्कम बोगस सह्यांनी काढणारा शाखा व्यवस्थापकही पगारदारच. शाळेतल्या मुलीशी गैरवर्तन करणारा शिक्षकही कर्मचारीच. संस्थेने अशा माणसाला काढले आणि तो न्यायालयात गेला, तर त्या बडतर्फीचा बचाव कोण करणार? त्या मुलीच्या सुरक्षिततेची बाजू त्या दिवशी न्यायालयात ज्याच्या वकीलपत्रावर उभी असते, तो संस्थेचाच वकील असतो. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग या प्रकरणात एका बस कंडक्टरची बडतर्फी कायम केली. खात्याच्या चौकशीत प्रत्येक प्रवाशाला साक्षीला बोलावलेच पाहिजे असे नाही, काही तरी विश्वसनीय पुरावा असला की झाले, असे त्या निकालाने ठरवले. आज देशभरातल्या परिवहन महामंडळांच्या चौकशा त्या निकालाच्या आधारे चालतात. तो निकाल मालकाच्या वकिलाने मिळवला. त्याचा फायदा रोज एसटीने जाणाऱ्या आणि खरे तिकीट काढणाऱ्या माणसाला झाला. 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची चौकशी समितीकडे सोपवली. त्या समितीच्या अहवालावरून केलेली कारवाई न्यायालयात टिकवायची तर तीही मालकाच्याच वकिलाला टिकवावी लागते. अशा वेळी बलवान कोण आणि दुर्बळ कोण?

दुसरा आरोप फटी शोधण्याचा. हा आरोप करणाऱ्यांनी या वकिलाचे काम कोर्टात पाहिलेले असते, त्याच्या चेंबरमध्ये पाहिलेले नसते. खरे काम चेंबरमध्येच चालते. निवडणूक होते, पॅनेल बदलते, नवा अध्यक्ष येतो आणि म्हणतो, “जुन्या मंडळाने भरलेली ही माणसे उद्यापासून गेटच्या आत नकोत.” त्या क्षणी त्याला थांबवणारा एकच माणूस असतो. युनियन तिथे नसते, कामगार अधिकारी नसतो, न्यायाधीश तर कोसो दूर. असतो फक्त त्याचा स्वतःचा वकील. तो विचारतो, नियुक्तीपत्र दाखवा. किती वर्षे झाली? मस्टर कुठे आहे? कारणे दाखवा नोटीस दिली का? दोषारोपपत्र कोणत्या तारखेचे? चौकशी अधिकारी कोण? कामगाराला उलटतपासाची संधी मिळाली का? आणि शेवटी सांगतो, असे तोंडी काढाल तर पहिल्याच फेरीत हराल.

याला फटी शोधणे म्हणायचे का? मालकाच्या कार्यालयात कायदा पोचवण्याचे हे काम आहे आणि ते दुसरे कोणी करत नाही. हिशेब मांडून पाहा. महिना 12,000 रुपये पगाराचा, पाच वर्षे काम केलेला माणूस कमी करायचा आहे. कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम 25-एफ मध्ये होते, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तत्त्व तेच आहे. म्हणजे नोटिशीचे 12,000 आणि भरपाईचे साधारण 30,000, मिळून 42,000 रुपये. ते न देता हाकलले, दहा वर्षांनी कामगार जिंकला आणि पूर्ण मागील पगार मिळाला, तर रक्कम होते 14,40,000. हा हिशेब अध्यक्षापुढे मांडणारा वकील कामगाराच्या हातात 42,000 रुपये त्याच महिन्यात पडतील अशी व्यवस्था करतो. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्या, उशीर कराल तर व्याजासह द्यावी लागेल, हेही तोच बजावतो. या सल्ल्याची नोंद कुठल्याही निकालपत्रात होत नाही, कारण हा सल्ला मानला की खटलाच उभा राहत नाही. जे खटले झालेच नाहीत त्यांचे श्रेय या वकिलाला कोण देणार?

शाळांचेच घ्या. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, त्याचे नियम 1981 चे. शिक्षकावर मोठी शिक्षा करायची तर तीन जणांची चौकशी समिती लागते. एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक खुद्द त्या शिक्षकाने सुचवलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. ही समिती नीट नेमली नाही, की अमरावतीच्या शाळा न्यायाधिकरणात बडतर्फी कोसळते. संस्थाचालकांना ही समिती म्हणजे कटकट वाटते. ‘आमची संस्था, आमचा माणूस, तिसऱ्याला कशाला बोलवायचे?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यांना समितीची सक्ती समजावून सांगणारा आणि शिक्षकाने सुचवलेल्या सदस्याला सन्मानाने बसवायला लावणारा कोण? पुन्हा संस्थेचाच वकील. शिक्षकाला निष्पक्ष चौकशी मिळते ती अनेकदा त्याच्या वकिलामुळे नव्हे, तर समोरच्या वकिलाच्या सावधपणामुळे.

जिनिंगचा मुद्दाही असाच. कापसाचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात आटोपतो. मग रेचे थांबतात, गाठी बांधणारे हात रिकामे होतात. हंगाम संपला म्हणजे कामगार कमी केला असे मानायचे का? पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हंगाम संपल्यावर काम थांबणे ही कपात नव्हे. मालकाचा वकील जिंकला. पण त्याच निकालाने कारखान्याला हेही बजावले, की हंगामी कामगारांची नोंदवही ठेवा आणि पुढचा हंगाम सुरू झाला की त्यांना ज्येष्ठतेप्रमाणे बोलवा. मालकाची बाजू पूर्ण ताकदीने मांडली गेली म्हणूनच न्यायालयाला नेमकी रेघ ओढता आली. हंगामी कामगाराला बारमाही पगार मिळणार नाही, पण पुढच्या हंगामाचा पहिला हक्क त्याचाच. ही रेघ जिनिंगमधल्या मजुराच्या उपयोगाची आहे की नाही? उलट ज्या प्रकरणात मालकातर्फे कोणी हजरच राहत नाही, तिथे एकतर्फी आदेश होतो, पुढे तो रद्द होतो आणि कामगार पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो.

यावर टीकाकार त्यांचे सगळ्यात मोठे शस्त्र काढतात: कंत्राटी कामगार. 2001 मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत मालकांच्या वकिलांनी असे निकाल मिळवले, की मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर 1971 च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार चालत नाही. त्यामुळे कंत्राटदाराच्या यादीत नाव असलेल्या हजारो मजुरांचा जवळचा रस्ता बंद झाला, हे खरे आहे. पण दोष कोणाचा? न्यायालयाने तो कायदा तसा वाचला. तो बदलून नवे कलम घालण्याचा अधिकार विधिमंडळाला तेव्हाही होता आणि त्यानंतरची सगळी वर्षे होता. कंत्राटी पद्धत कुठे बंद करायची हे ठरवण्याचा अधिकार 1970 च्या कायद्याने सरकारला दिला होता. तो किती ठिकाणी वापरला, हा प्रश्न आमदारांना विचारायचा की वकिलाला? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे करून कोणती आग विझणार?

तिसरा आरोप तारखांचा. न्यायालये रखडतात आणि त्यात कामगार भरडला जातो, यात वाद नाही. बुलडाण्याच्या माणसाला उच्च न्यायालयासाठी तीनशे किलोमीटरहून लांब नागपूरला जावे लागते. त्याची एक खेप म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. पण रिकामी राहिलेली न्यायाधीशांची पदे, स्टेनोंची कमतरता, समन्सची बजावणी न होणे, सरकारी कार्यालयातून मस्टर वर्षानुवर्षे न येणे, हे सगळे मालकाच्या वकिलाच्या वहीत जमा करायचे? शिवाय उशीर मालकाला फायद्याचा असतो ही समजूत आता जुनी झाली आहे. 1984 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम 17-बी आले. कामावर घेण्याच्या आदेशाविरुद्ध मालक वरच्या न्यायालयात गेला, तर निकाल लागेपर्यंत त्याने कामगाराला शेवटच्या पगाराइतकी रक्कम देत राहायची, असे त्यात ठरले. 2013 मध्ये दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागील पगारासह नोकरी परत मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हापासून प्रत्येक लांबलेली तारीख मालकाच्या डोक्यावरचे कर्ज वाढवते. जाणता वकील हे ओळखतो आणि तडजोडीची पुरसीस पुढे करतो. तारखा लांबवणारा वकील आपल्याच अशिलाला बुडवत असतो. तो नालायक वकील ठरतो, आणि नालायकी दोन्ही बाजूंना सापडते.

खोटी कागदपत्रे बनवणाऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. मागील तारखेचा राजीनामा लिहून घेणे, कोऱ्या कागदावर अंगठा घेणे, मस्टरवर व्हाईटनर फिरवणे, यात वकील सामील असेल तर 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली त्याची तक्रार करा आणि त्याची सनद जाऊ द्या. त्याच्यासाठी मी एक शब्दही खर्च करणार नाही. पण ते दुष्कृत्य आहे, ती बाजू नव्हे. त्याच्या पापासाठी या बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना सुळावर चढवणे हा न्याय नाही.

आता चौथा आरोप, बेइमानीचा. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. हमालाचा मुलगा अकोल्याला किंवा अमरावतीला कायदा शिकतो, परत येतो, दहा जणांच्या मागे ज्युनिअर म्हणून फायली वाहतो, आणि अखेर एखादी पतसंस्था त्याला आपले वकीलपत्र देते. त्यावर समाज त्याला विचारतो, तू तिकडे कसा? हा प्रश्न ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकिली आहे त्यांना कोणी विचारत नाही. ज्यांचे आजोबा मालगुजारांचे वकील होते त्यांनी मालकाची बाजू घेतली तर तो व्यवसाय. पहिल्या पिढीच्या पोराने घेतली तर ती गद्दारी! म्हणजे गरिबाच्या मुलाने गरिबाचेच खटले लढावेत, ते फुकट लढावेत आणि संस्थांची कामे, त्यांची फी, त्यांची प्रतिष्ठा बड्या घरांसाठी राखून ठेवावी, हेच ना? याहून उघड उच्चनीचता ती कोणती?

आणि या पार्श्वभूमीचा परिणाम उलटा होतो, हे कोणी लक्षात घेत नाही. ज्याच्या बापाने मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, त्याला मस्टर कसे भरले जाते हे पुस्तकात शोधावे लागत नाही. कुठे सलग सेवेसाठी लागणारे 240 दिवस होऊ नयेत म्हणून दर काही महिन्यांनी नाव तोडले जाते, कुठे भावाच्या नावावर भाऊ राबतो, कुठे सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा पडतो, हे त्याला आधीच माहीत असते. असा वकील अध्यक्षाला सांगतो, ‘साहेब, हे न्यायालयात टिकणार नाही,’ तेव्हा तो अनुभवातून बोलत असतो. मालकाच्या खोलीत कामगाराचे जगणे जाणणारा एक माणूस बसलेला असणे, हे कामगाराच्या हिताचे की अहिताचे? त्याला तिथून हुसकावले की त्या खुर्चीत कोण येईल? ज्याने मस्टर कधी पाहिलेच नाही असा, किंवा त्याहून वाईट म्हणजे वकील नसलेला, सनद नसलेला, कोणालाच जबाबदार नसलेला ‘लेबर सल्लागार’.

ही भीती कल्पनेतली नाही. वकिलांना बाहेर ठेवण्याचा प्रयोग आपण केलेला आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 36 ने ठरवले, की समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू शकणार नाही. हेतू चांगला होता: कामगाराच्या समोर कायद्याचा पहिलवान उभा राहू नये. झाले काय? मालकांच्या संघटनांनी कायदा शिकलेली माणसे पदाधिकारी म्हणून नेमली आणि तीच न्यायालयात येऊ लागली. 1976 मध्ये पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्यही केले, की माणूस वकील असला तरी तो मालक संघटनेचा पदाधिकारी म्हणून उभा राहू शकतो. मोठ्या कंपन्यांना वाट सापडली. अडकली ती छोटी संस्था, जिच्याकडे ना संघटना ना पदाधिकारी. आणि अनुभवी वकील हवा असलेला एकटा कामगारही, कारण मालकाने संमती नाकारली की त्याचाही वकील बाहेरच. दार बंद करून समता येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

मुळात वकिलाने बाजू निवडायची असते ही कल्पनाच व्यवसायाच्या नियमांविरुद्ध आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सांगतो, की ज्या न्यायालयात वकील व्यवसाय करतो तिथले काम योग्य फी मिळत असेल तर त्याने स्वीकारले पाहिजे. नाकारायचे तर तसेच खास कारण हवे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव करणाऱ्या बार असोसिएशनांना सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात फटकारले आणि असे ठराव बेकायदा ठरवले. जो हक्क अतिरेकी कारवायांच्या आरोपीला आहे, तो मेहकरच्या एखाद्या खरेदी-विक्री संघाला नाही? लेखी ठराव बेकायदा आणि तोच ठराव कुजबुजीने केला तर चालतो?

मग विषमता नाहीच का? आहे, आणि ती भयंकर आहे. पण तिचे मूळ मालकाच्या वकिलाच्या असण्यात नाही, कामगाराच्या वकिलाच्या नसण्यात आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये औद्योगिक कामगार ही मोफत कायदेशीर मदतीची स्वतंत्र वर्गवारी आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोकही त्याच कलमात आहेत. म्हणजे जिनिंगमध्ये सरकी वाहणारी बाई दोन-दोन कारणांनी मोफत वकिलाला पात्र आहे. हे तिला कोणी सांगितले? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत कामगार कायद्याचा अभ्यास असलेले वकील किती, हे कोणत्या संघटनेने कधी विचारले? काढून टाकलेल्या माणसाला 1971 च्या कायद्याखाली तक्रारीसाठी नव्वद दिवसांची मुदत आहे, हे किती गेट मीटिंगांमध्ये सांगितले गेले? एसटीच्या 2021-22 च्या संपात हजारो जणांना बडतर्फीची पत्रे आली, तेव्हा पत्राला उत्तर कसे द्यायचे हे आगारात कोणी शिकवले? समोरच्या वकिलाला शिव्या घालायला काही लागत नाही. आपल्या बाजूची रिकामी खुर्ची भरायला मात्र वर्गणी लागते, अभ्यास लागतो, चिकाटी लागते. ते टाळण्यासाठीच ही शिवी शोधली गेली आहे.

हा प्रश्न आज अधिकच तातडीचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. मोठ्या आस्थापनांना कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. जुने निकाल आणि जुनी कलमे नव्या चौकटीत कशी बसतात हे यापुढे खटल्याखटल्याने ठरेल. या घडीला दोन्ही बाजूंनी उत्तम तयारीचे वकील नसतील तर जो कायदा घडेल तो लंगडाच घडेल. 2009 मध्ये एसटी महामंडळाविरुद्ध कर्मचाऱ्यांच्या कास्ट्राईब संघटनेने सर्वोच्च न्यायालयातून मिळवलेला निकाल आठवा. तात्पुरत्या कामगारांना कायम करण्यावर बंधने घालणाऱ्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन महामंडळाने मांडलेली बाजू न्यायालयाने तपासली आणि तरीही सांगितले, की अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायमपणाचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे. समोरून सर्वात बळकट युक्तिवाद झाला, म्हणूनच तो निकाल आजही बळकट आहे. कच्च्या विरोधकावर मिळवलेला विजय पुढच्या अपिलात टिकत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. मालकाचा वकील कामगाराचा शत्रू नाही. कायद्याने वागणारा मालक घडवण्याचे आपल्याकडे असलेले ते सर्वात जवळचे साधन आहे. त्याला बहिष्कृत कराल, तर मालक उरेलच, फक्त त्याच्या शेजारचा कायदा नाहीसा होईल. युनियनच्या नेत्यांनी ही शिवी टाकून द्यावी आणि तिच्यावर खर्च होणारा जोर विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात लावावा. बार असोसिएशनांनी पहिल्या पिढीच्या वकिलांकडे इमानाचा दाखला मागणे थांबवावे. आणि ज्या तरुण वकिलाच्या टेबलावर उद्या एखाद्या संस्थेचे वकीलपत्र येईल, त्याने ते ताठ मानेने घ्यावे. पण पहिल्याच दिवशी अध्यक्षाला मस्टर मागावे, आणि ते खोटे निघाले तर तोंडावर सांगावे, की हे चालणार नाही. ज्याला हे सांगता येते तो कोणत्याही बाजूला उभा राहिला तरी वकील आहे. ज्याला सांगता येत नाही, तो कामगाराच्या बाजूला उभा राहूनही कामगाराच्या उपयोगाचा नाही.